तुळजाबाईंना कोणत्या रकान्यात बसवायचं?

हॉस्पिटलच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचा अर्ज तेवीस पानांचा होता. खाटा किती, दोन खाटांमध्ये अंतर किती, जिना किती रुंद, कचऱ्याच्या पिशव्या कोणकोणत्या रंगाच्या, असं सगळं त्यात विचारलं होतं आणि सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती. गाडं अडलं ते कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात. नाव, पद, शिक्षण आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक असे चार रकाने. तुळजाबाई रायकर त्यातल्या पहिल्या रकान्यात बसल्या आणि तिथेच थांबल्या.

आमचं आनंदी प्रसूतिगृह धायरीत आहे, बारा खाटांचं. डॉक्टर पद्मजा मेहेंदळे यांनी ते १९९४ साली सासूबाईंच्या नावाने काढलं. तेव्हा धायरी हे गाव होतं आणि डॉक्टरांच्या नारायण पेठेतल्या घरच्यांच्या लेखी जवळजवळ परराष्ट्र. सासऱ्यांनी म्हणे विचारलं होतं, "तिकडे संध्याकाळचा पेपर मिळतो का?" डॉक्टर म्हणाल्या, "नाही मिळत. तेवढ्यासाठीच चाललेय." आणि लुनाला किक मारून निघाल्या.

पहिले चार दिवस दवाखान्यात कोणी फिरकलं नाही. फक्त शेजारच्या गोठ्यातली एक पंचवीस वर्षांची बाई रोज यायची, बाकावर बसायची, डॉक्टरांकडे टक लावून बघायची आणि धारेची वेळ झाली की उठून जायची. हिची सासू गावातली सुईण. अर्धी धायरी तिच्या हातावर जन्मलेली. आणि शेवटची काही वर्षं सासूला दिसेनासं झाल्यावर ते हात प्रत्यक्षात सुनेचेच होते. चार दिवस बघून झाल्यावर पाचव्या दिवशी ती एका अडलेल्या बाईला बैलगाडीतून घेऊन आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "चार दिस तुमचं हात बघितलं. चांगलं हायेत. हिला घ्या."

डॉक्टरांनी त्या बाईला घेतलं आणि तुळजाबाईंनाही ठेवून घेतलं. बाजारातून आणलेल्या हजेरीपुस्तकात पदं छापूनच आली होती: डॉक्टर, परिचारिका, पहारेकरी. पहारेकऱ्याचं काम तुळजाबाई करतच होत्या, पण डॉक्टरांनी 'परिचारिका' वर खूण केली. ती खूण अठ्ठावीस वर्षं तशीच पुढे चालत आली.

मी करमाळ्याहून बी.कॉम. होऊन इथे आलो त्याला आता चार वर्षं झाली. माझं पद व्यवस्थापक. तसं कार्डही आहे. ते मीच छापून घेतलंय. पहिल्या दिवशी तुळजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय येतं तुला?" मी म्हणालो, "टॅली येतं. एक्सेल येतं." त्या म्हणाल्या, "बरं. मग जा, त्या खोलीतल्या जावयाला भाईर काढ. कधीचा बायकोच्या खाटंवर झोपलाय." माझ्याच्याने तो जावई हलला नाही. तुळजाबाईंनी दारातून नुसतं खाकरल्याबरोबर तो चप्पल हातात घेऊन बाहेर आला.

त्यांचं काम काय, असं कोणी विचारलं तर सांगणं अवघड. रिक्षातून उतरणारी बाई कोणता पाय आधी टाकते यावरून अजून किती तास आहेत ते त्या सांगायच्या, आणि सोनोग्राफीवाल्यापेक्षा कमी चुकायच्या. मुलगी झाली आणि सासूचं तोंड उतरलं, की बाळ दुपट्यात गुंडाळून स्वतःच्याच खांद्यावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पेढं आल्याबिगर मी कुणाच्या हातात देत न्हाई." पेढे यायचे. आता तर मुलगी म्हटली की लोक आधीच डबा घेऊन उभे असतात.

पगारासाठी त्यांना नोकरी करायची गरज नव्हती. त्यांच्या गोठ्याच्या आणि वावराच्या जागेवर आता 'टस्कनी हाइट्स' नावाची अकरा मजली इमारत आहे आणि तिच्यात त्यांचे तीन फ्लॅट आहेत. एका फ्लॅटमध्ये आमच्याच हॉस्पिटलच्या सिस्टर शालू भाड्याने राहतात. म्हणजे दिवसा शालू सिस्टर म्हणायच्या, "मावशी, चार नंबरची चादर बदला," आणि संध्याकाळी मावशी म्हणायच्या, "शालू, गॅलरीत कपडं टांगू नको, किती येळा सांगू?" दोघींचं उत्तम चालायचं. मुलगे मात्र मागे लागायचे: आई, आता बस झालं, लोक काय म्हणतील. तुळजाबाई सांगायच्या, "लोक मला तुळजाक्का म्हणत्यात. तुमाला कोण काय म्हणतं ते बघा आधी."

तर असा तो अर्ज. २०१७ साली गाव महापालिकेत गेलं आणि नोंदणीही महापालिकेकडे गेली. शुश्रूषागृहांचा कायदा १९४९ चाच, पण गेल्या वर्षी नवे नियम आले. आता प्रत्येक परिचारिकेला नर्सिंग परिषदेचा क्रमांक पाहिजे. 'परिचारिका' लिहावं तर तुळजाबाईंना क्रमांक नाही. 'मदतनीस' लिहावं तर आधीच्या सगळ्या कागदांवर त्या परिचारिका. मग अठ्ठावीस वर्षं काय लिहीत होतात, असं कोणी विचारलं तर? डॉक्टरांनी ओळखीच्या एका सल्लागाराला फोन लावला. तो म्हणाला, नावच काढून टाका, आणि तपासणीच्या आधी बाईंना घरी बसवा. प्रसूतीच्या खोलीत बिननोंदणीची बाई दिसली तर सगळं नूतनीकरण अडकेल.

फोन ठेवून डॉक्टरांनी स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "संपतराव, आपण सांगा त्यांना. मला जमायचं नाही." मला संपतराव आणि आपण म्हटलं, की काम वाईट आहे हे मी ओळखतो.

तुळजाबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. मी आधी नियम सांगितले, मग कायदा सांगितला, मग परिषद सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी मी हितं न्हाईच?"

"कागदावर नाही."

"आन कागदाच्या भाईर?"

"तपासणी होईपर्यंत बाहेरही नको, असं डॉक्टर म्हणतात."

"आन त्याच्या फुडं?"

नोंदणी तीन वर्षांची असते. ज्याचं नाव यादीत नाही ते माणूस नंतर रोज हॉस्पिटलात कशासाठी येतं, हे कोणीही विचारू शकलं असतं. हातातली घडी त्यांनी मोडली आणि पुन्हा घातली. "बरं," त्या म्हणाल्या. "चार नंबरच्या मैनाची पाचवी करते आन जाते."

त्या दिवशी त्यांनी शालू सिस्टरांना कपाटांच्या चाव्या समजावून दिल्या. ही वर उचलून फिरव, हिला आधी दार दाबून धर, ह्या कपाटाला चावी लागत न्हाई, पण लागती असं सगळ्यांना वाटू दे. शालू सिस्टर सगळं वहीत लिहून घेत होत्या आणि मधेच नाक पुसत होत्या. तुळजाबाई म्हणाल्या, "रडती कशाला? घरमालकीण हाय मी. कुटं पळून जाणार?"

पाचवीचं सांगायला हवं. बाळाच्या पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते. म्हणून पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. पूर्वी बायका तिसऱ्या दिवशी घरी जायच्या. आता सिझेरियन झालं की पाच-सहा दिवस राहतात, त्यामुळे पाचवी हॉस्पिटलातच येते. डॉक्टरांचा यावर काडीचा विश्वास नाही. त्यांची अट एकच होती, ऑक्सिजन आहे, दिवा पेटवायचा नाही. तुळजाबाईंनी बॅटरीवरची पणती आणली. "सटवाईला चालती का?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "चालती. मी इचारलंय."

तपासणी बुधवारी अकराला होती आणि चार नंबरमधल्या मैनाची पाचवी मंगळवारी. मंगळवारी संध्याकाळी मांडलेली पूजा बाळाची आंघोळ झाल्यावर सकाळी तुळजाबाई उचलणार आणि नऊच्या आत घरी जाणार, असं ठरलं. महापालिकेचे वैद्यकीय अधिकारी, डॉक्टर श्यामसुंदर खरवंडीकर, पावणेनऊलाच येऊन उभे राहिले.

साठीला आलेले गृहस्थ. मास्क हनुवटीवर, हातात लोखंडी टेप. मी म्हणालो, "सर, अकराची वेळ होती ना?"

"अकराला सगळीच हॉस्पिटलं चांगली असतात," ते म्हणाले आणि टेप उघडून कामाला लागले.

जिना मोजला. बरोबर. पिशव्यांचे रंग बघितले. बरोबर. आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघितली, तीही बरोबर. दोन नंबरमध्ये खाटांतलं अंतर सहा इंचांनी कमी निघालं. मी खाट सरकवायला धावलो. ते म्हणाले, "असू द्या. मी गेल्यावर पुन्हा मूळ जागी जाईल. त्यापेक्षा मी लिहितो." पुढे रुग्णहक्कांच्या सनदेचा फलक होता. "हे तुम्ही वाचलंय?" "टाइप केलंय सर." "ते निराळं."

आणि मग चार नंबर. तोवर डॉक्टर मेहेंदळेही येऊन आमच्याबरोबर चालू लागल्या होत्या.

मैना खाटेवर, तिच्या सासूबाई बायडाबाई खाली सतरंजीवर, आणि तुळजाबाई बाळाला आंघोळ घालून पुसत होत्या. त्यांनी मला बघितलं, साहेबांना बघितलं आणि बाळाचे कान पुसायचं काम पुढे चालू ठेवलं. पाळण्याच्या उशाशी पाटा, बॅटरीची पणती आणि हळदकुंकवाने माखलेला एक कागद. खरवंडीकरांनी तो उचलला.

तो आमचा लेटरहेड होता. वर हॉस्पिटलचं नाव, खाली डॉक्टरांची सही आणि शिक्का, मधे काहीच नाही. सांगतो कसं ते. डॉक्टर सदा ऑपरेशनमध्ये, आणि महापालिकेला दर वेळी नवं हमीपत्र लागतं. म्हणून मी चार-पाच कोऱ्या लेटरहेडवर आधीच सह्या घेऊन खणात ठेवायचो. तुळजाबाईंनी कागद हवा म्हणून माझा खण उघडला होता.

"डॉक्टर," खरवंडीकर म्हणाले, "कोऱ्या कागदावर आपली सही आणि शिक्का. हा कशाचा नमुना म्हणायचा?"

डॉक्टर मेहेंदळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मी तोंड उघडायच्या आत तुळजाबाईच म्हणाल्या, "सटवाईला लिव्हायला ठेवलाय, सायेब."

"आणि सही डॉक्टरांची?"

"मग? आपल्या हॉस्पिटलात जलमलंय पोरगं. उद्या कायतरी वंगाळ लिव्हून गेली तर जबाबदार कोण? सही बघून जरा इचार करती."

खरवंडीकरांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, परत सुलटा केला. "काही लिहिलेलं दिसत नाही."

"लिव्हलेलं असतं. आपल्याला दिसत न्हाई."

"आमच्या फायलींवरचे शेरेही असेच असतात," ते म्हणाले आणि कागद होता तिथे ठेवला. मग वही उघडून विचारलं, "आपण कोण? यादीतल्या तर आपण दिसत नाही."

मी 'पेशंटच्या मावशी' असं म्हणायची तयारी केली होती. शब्दाने ते खोटंही नव्हतं. पण डॉक्टर पुढे झाल्या.

"या तुळजाबाई रायकर. अठ्ठावीस वर्षं माझ्याबरोबर आहेत. जुन्या कागदांत मी यांना परिचारिका लिहिलंय. त्या परिचारिका नाहीत, ती चूक माझी. नव्या तक्त्यात कुठे लिहावं ते कळेना, म्हणून नाव काढलं आणि आज घरी थांबायला सांगितलं. तेही चुकलंच माझं."

"बाई, तुमी कशाला—" तुळजाबाई म्हणाल्या.

"थांबा हो तुम्ही."

खरवंडीकरांनी तुळजाबाईंना विचारलं, "इंजेक्शन देता?"

"छ्या. ते शालू सिस्टर देत्यात."

"गोळ्या? सलाइन?"

"त्याला हात लावत न्हाई. मी बाईचा हात धरती. ती आरडती, मी धरून ठिवती. त्याला काय परीक्षा असती का?"

वही मिटून साहेब व्हरांड्यातल्या फलकाकडे परत गेले. त्यावर सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'तक्रार असल्यास संपर्क: श्री. संपत ढेरे, व्यवस्थापक.' नाव जरा मोठ्या टायपात होतं.

"हे कोण?"

"मी, सर."

"तक्रारींची वही दाखवा."

मी दाखवली. नवी कोरी, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. "वर्षभरात एकही तक्रार नाही, सर," मी अभिमानाने सांगितलं.

"म्हणजे एक तर हा स्वर्ग आहे, किंवा ही वही चुकीच्या माणसाकडे आहे," ते म्हणाले आणि मला दंडाला धरून पुन्हा चार नंबरमध्ये घेऊन आले. "आजी, यांना ओळखता का?"

बायडाबाईंनी डोळे बारीक केले. "ह्यो? ह्यो झेराक्स काढतो."

दारातून डोकावणाऱ्या पाच नंबरमधल्या बाई म्हणाल्या, "लाइट बिल बघायला आलेत का?" त्यांच्यामागून सहा नंबरमधल्या आजोबांनी सहानुभूतीने विचारलं, "तुमचं पेशंट कंच्या खोलीत हाय?"

"आणि काही अडचण आली तर कोणाला सांगता?" खरवंडीकरांनी बायडाबाईंनाच विचारलं.

"काल पंखा बंद पडलाता. आक्काला सांगितलं. आर्ध्या तासात चालू. आता अडचण म्हंजी आक्कालाच सांगायची. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपेग?"

साहेब तुळजाबाईंकडे वळले. "या आठवड्यात काय काय तक्रारी आल्या तुमच्याकडे?"

"समद्या सांगू?"

"सगळ्या."

बाळ बायडाबाईंच्या मांडीवर देऊन तुळजाबाई उभ्या राहिल्या आणि बोटांवर मोजत सुरू झाल्या. सहा नंबरचा नळ गळतोय. कॅन्टीनच्या चहात दूध कमी. रविवारी शालू सिस्टर एका बाईला फटकन बोलल्या. नंतर दोघींचं मिटवलं. शनिवारी डॉक्टरीण बाईंनी पेशंटं पाऊण तास बसवून ठेवली. "आन ह्या संपतनं दोन नंबरच्या पोरीला घरी सोडायचं कागद दोन तास अडकवलं. मिसळ खायाला गेलता हितल्या नांदेड फाट्याला."

"तुळजाबाई!" मी म्हणालो.

"खोटं हाय का?"

खरवंडीकर सगळं लिहून घेत होते. डॉक्टर मेहेंदळे भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

ऑफिसात बसून साहेबांनी शेरा लिहिला आणि वाचूनही दाखवला. दोन नंबरची खाट सहा इंच सरकवावी. सही केलेले कोरे कागद तत्काळ नष्ट करावेत आणि पुन्हा बाळगू नयेत. जुन्या यादीतल्या चुकीबद्दल डॉक्टरांनी लेखी खुलासा द्यावा. तक्रारींसाठी रुग्ण ज्यांना प्रत्यक्ष ओळखतात अशी व्यक्ती नेमावी, तिचं नाव कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात घ्यावं आणि दर्शनी भागात लावावं. आठ दिवसांत पूर्तता केल्यास नूतनीकरणाची शिफारस.

"अशी व्यक्ती तुम्हाला मिळेल ना?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

डॉक्टरांनी तुळजाबाईंना बोलावून घेतलं. "कराल का हे काम?"

"लिव्हाय लागंल का? माझी चौथी झालीया."

"लिहायला संपत आहे."

"मग करती. पर ह्याच्याबद्दलची तक्रार ह्योच लिव्हणार व्हय?"

"लिहू द्या," खरवंडीकर टेप गुंडाळत म्हणाले. "हस्ताक्षर सुधारेल."

त्याच दुपारी मी तक्ता नव्याने टाइप केला. नाव: तुळजाबाई सर्जेराव रायकर. पद: रुग्ण तक्रार निवारण. शिक्षण: चौथी, जिल्हा परिषद शाळा, धायरी. परिषदेचा क्रमांक: लागू नाही. चारही रकाने भरले. छापलेलं पान त्यांच्यापुढे धरलं तर त्यांनी ओळीवरून बोट फिरवत ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "नाव बारीक का? तुझं कसं ढब्बू होतं!" मग टाइप मोठा केला.

फलकावर आता त्यांचं नाव आणि मोबाइल नंबर आहे, आणि त्याचा व्हायचा तो परिणाम झालाय. या हॉस्पिटलात जन्मलेली आणि आता मिशा फुटलेली पोरंसुद्धा त्या नंबरवर फोन करतात. रस्त्यात खड्डा पडला, आक्का. दोन दिवस नळाला पाणी नाही, आक्का. खडकवासला भरलंय तरी पाणी नाही. त्या कोणालाच 'हे माझं काम नाही' म्हणत नाहीत. मला म्हणतात, "लिव्ह." वहीची चाळीस पानं भरलीत. पैकी सात तक्रारी माझ्याविरुद्ध आहेत, आणि मी त्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या आहेत.

नूतनीकरणाचं प्रमाणपत्र मार्चमध्ये आलं. सोबत एक पत्र होतं: तक्रार निवारणासाठी नेमलेल्या व्यक्तीत बदल केल्यास सात दिवसांत महापालिकेस लेखी कळवावं. तुळजाबाईंनी त्या पत्राची एक प्रत मागून घेतली आणि घरी टीव्हीच्या वर लावली. परवा थोरल्या मुलाने पुन्हा विषय काढला, आई, आता तरी घरी बस. त्यांनी त्याला टीव्हीसमोर उभं केलं म्हणे, आणि पत्र वाचायला लावलं.

"वाचलंस? आता मला काढायचं म्हंजी थेट म्हापालिकेला कळवाय लागतं. तुझ्या वीतभर घरात मला कोण इचारतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या नेहमीसारख्या हजर झाल्या आणि आल्या आल्या मला म्हणाल्या, "वही काढ. माझी स्वतःची तक्रार हाय. पोरगं लई बोलतं."

मी लिहून घेतली.